भारताबाहेर पाठवत नाही

संजना शिगवणच्या वेबसाइटवर अगदी तळाशी, फोन नंबरच्याही खाली, एक ओळ होती : ‘भारताबाहेर ऑर्डर पाठवत नाही. कृपया आग्रह करू नये.’ त्यातलं दुसरं वाक्य मागाहून जोडलेलं होतं, कारण लोक आग्रह करायचेच.

संजना अंतरपाट करायची. मंगलाष्टकं चालू असताना नवरा-नवरीच्या मध्ये जे कापड धरतात, ते. पूर्वी भटजीच आपल्या पिशवीतून धुवट पंचा काढायचे आणि काम भागायचं. आता लोकांना त्यावर नावं हवीत, कलश हवा, गणपती हवा, कुणाला तर दोघं भेटली त्या कॉलेजची कमान हवी. शांती नगरच्या सेक्टर नऊमधल्या तिच्या हॉलमध्ये खिडकीपाशी भरतकामाचं मशीन होतं आणि बारीक काम ती हातानेच करायची. नवरा दिपेश लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. तो म्हणायचा, “माझी लिफ्ट बंद पडली तर लोक दोन तास ओरडतात आणि विसरतात. तुझं काम चुकलं तर पोरगी जन्मभर विसरणार नाही.” तो हे कौतुकाने म्हणायचा, पण संजनाला ते टोचायचं. टोचायला कारणही होतं.

तीन वर्षांपूर्वी ती परदेशात माल पाठवायची. दुबईचा एक अंतरपाट चार महिने फिरून पत्ता सापडला नाही म्हणून परत आला, तेव्हा त्या नवरीला दिवस गेले होते. कॅनडाच्या एका गिऱ्हाइकाने तिथला कर भरायला नकार दिला आणि पार्सल कुठल्याशा गोदामात पडून राहिलं. पण ही झाली सोसण्यासारखी दुखणी. खरा घाव ऑस्ट्रेलियाचा होता. तिथल्या मृणालिनी नावाच्या मुलीने मोरपंखी काठाचा अंतरपाट मागवला होता. संजनाने तो वीस दिवस खपून केला आणि बांधताना मनात आलं, पोरगी माहेरापासून इतक्या लांब लग्न करतेय, रिकामं कसं पाठवायचं? म्हणून तिने एका पुडीत अक्षता, हळकुंड आणि सुपारी घातली. पार्सलवरच्या कागदावर फक्त ‘कापड’ लिहिलं.

तिथल्या कस्टमने पार्सल उघडलं. त्या देशात बी-बियाणं, धान्य, मुळं असं काही बाहेरून येऊ देत नाहीत, शेतीला रोग लागतो म्हणून. नियम त्यांचा बरोबर होता. कागदावर एक आणि आत भलतंच, म्हणून सगळंच अडकलं. पत्रं गेली, उत्तरं आली, तारखा उलटल्या आणि शेवटी पुडीबरोबर अंतरपाटही नष्ट केला असं कळलं. मृणालिनी भांडली नाही. तिने पैसेही मागितले नाहीत, संजनानेच ते परत केले. तिने एवढंच लिहिलं, ‘ताई, आम्ही हॉटेलच्या टेबलावरचा कपडा धरला. फोटोत त्याच्या कोपऱ्यात सॉसचा डाग दिसतो.’

त्याच दिवशी संजनाने ती ओळ टाकली. पुडीची गोष्ट मात्र तिने कुणालाच सांगितली नाही, दिपेशलाही नाही. ‘कस्टममध्ये अडकलं’ एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

यंदा डिसेंबरात न्यूझीलंडहून राज म्हात्रे नावाच्या मुलाचा मेसेज आला. फेब्रुवारीत लग्न आहे, नवरी तिकडचीच, तिथल्या मूळच्या माओरी समाजातली, नाव आरोहा. नावाचा अर्थ त्यांच्या भाषेत प्रेम असा होतो. दोघांची नावं देवनागरीत हवीत आणि खालच्या कडेला शिडाची होडी. संजनाने ठरलेलं उत्तर पाठवलं : माफ करा, भारताबाहेर पाठवत नाही. तासाभरात त्याचं उत्तर : ‘ताई, वाट्टेल ते कुरिअर लावा. मी थांबतो.’ पुन्हा नकार. मग तो चिडला. ‘तुम्हा लोकांना बाहेरच्या मराठी माणसाचं काहीच वाटत नाही का? एक बटण दाबायचं असतं तुम्हाला.’

एरवी तिने सोडून दिलं असतं. पण ‘बटण’ हा शब्द तिला झोंबला. मशीन बंद करून तिने सविस्तर लिहिलं. ‘दादा, बटण दाबायला काही लागत नाही. पण पार्सल विमानात चढलं की ते माझ्या हातात नसतं आणि तुमच्याही. प्रत्येक देशाचे नियम वेगळे, ते मला मशीनवर बसून कळत नाहीत. तिथे कुणी अडवलं तर कुणाला फोन करायचा तेही माहीत नाही. साडी उशिरा पोचली तर पुढच्या सणाला नेसता येते. अंतरपाट मुहूर्तानंतर पोचला तर त्याचं काय करायचं? असं एका मुलीच्या बाबतीत माझ्या हातून झालंय. पुन्हा नको. तुमच्यावर राग नाही.’

त्याने ते वाचलं. खाली दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

चार दिवसांनी वेबसाइटवर नवी ऑर्डर पडली. नावं : राज, आरोहा. कडेला होडी. पत्ता : शेवंती म्हात्रे, राई गाव, भाईंदर पश्चिम.

“बघा!” संजनाने मोबाइल दिपेशपुढे धरला. “मी एवढं समजावून सांगितलं आणि ह्याने इथला पत्ता घातला. आता तिथून कुणीतरी कुरिअर करणार.”

दिपेश चपातीचा तुकडा मोडत म्हणाला, “करू दे की. आपण राईला दिलं, आपलं काम संपलं.”

“आणि अडकलं तर?”

“तर त्याचं. तू कशाला जीव काढतेस?”

बोलणं सरळ होतं, पण संजनाच्या काही ते गळी उतरलं नाही. ऑर्डर रद्द करावी असं दोनदा वाटलं. पण होडीचं चित्र डोळ्यांपुढून हलेना. शेवटी तिने ऑर्डर घेतली आणि मनाशी ठरवलं, हा आपण स्वतः नेऊन द्यायचा आणि घरच्यांना तोंडावर सांगायचं की पोस्टाने, कुरिअरने पाठवू नका.

जानेवारी संपता संपता, ‘मी स्वतः आणून देते’ एवढंच राजला कळवून, ती रिक्षाने भाईंदर पश्चिमेला गेली आणि उत्तनकडे जाणारी बस पकडून राईला उतरली. रस्त्याच्या एका अंगाला नव्या इमारती, दुसऱ्या अंगाला मिठागरांचे चौकोन. दुकानात विचारल्यावर एकाने घर दाखवलं. ओटीवर एक म्हातारी बाई दोन मोठ्या बॅगा उघड्या टाकून बसली होती आणि आजूबाजूला डबे, पुड्या, बरण्या यांचा बाजार मांडला होता.

“शेवंतीआजी म्हात्रे?”

“मीच. तू कपडेवाली काय? ये बाय, बस. राज बोलला व्हता, कुनी बाय येल म्हनून.”

तिने आत बघून हाक मारली आणि तिचा धाकटा मुलगा महिपत पाणी घेऊन आला. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला. बोलता बोलता सगळं उलगडलं. राज तिच्या थोरल्या मुलाचा पोरगा. त्याचे आई-बाप तो सहा वर्षांचा असताना एका अपघातात गेले. पोराला शेवंतीने वाढवलं, भाईंदरच्या बाजारात भाजीची पाटी लावून शिकवलं. लग्नाला घरातल्या दोघांचे व्हिसाचे कागद केले होते, पण महिपतचा व्हिसा नाकारला गेला आणि म्हातारीचा मिळाला. एकाहत्तराव्या वर्षी, पहिल्यांदाच विमानात बसून, सिंगापूरला विमान बदलून ती एकटी जाणार होती.

“म्हणजे अंतरपाट तुम्ही नेणार? हातात?” संजनाने विचारलं.

“मंग? पोस्टात टाकू? राज बोलला, त्या ताय पोस्टात टाकत न्हाईत आन् त्यांचं बराबर हाय.”

संजनाच्या छातीवरचं ओझं तिथेच अर्धं उतरलं. तिने उगाचच त्या मुलाला लबाड ठरवलं होतं. त्याने तिचं म्हणणं वाचलं होतं, मानलं होतं आणि वाटही शोधली होती. तिने पिशवीतून अंतरपाट काढला. शेवंतीने हात पदराला पुसले, कापड मांडीवर उलगडलं आणि होडीवरून बोट फिरवलं.

“शीड बराबर काढलंस,” ती म्हणाली. “राजच्या आज्याची होडी अशीच व्हती.”

मग संजनाचं लक्ष त्या बॅगांकडे गेलं. सुके बोंबील, जवळा, घरचा मसाला, चिंच, तांदळाचे पापड.

“आजी, हे सगळं नेताय?”

“मंग पोराकडं काय हात हालवत जाऊ?”

“तिकडे हे चालत नाही. तपासतात. एखादी वस्तू सांगायची राहिली तर मोठा दंड करतात, बॅग अडकवून ठेवतात.” तिने मोबाइलवर तिकडच्या नियमांचं पान काढून महिपतला दाखवलं. दोघांनी मिळून बराच वेळ डबे वेगळे केले. शेवंती एकेक पुडी अशी बाजूला ठेवत होती जणू सासरी निघालेल्या लेकीची पाठवणी थांबवतेय. शेवटी बॅगेत फक्त कपडे उरले.

“आजी, खायचं काही न्यायचं नाही. आणि तरीही कुणी विचारलं तर जे असेल ते सगळं सांगायचं. उघडून दाखवायचं. लपवलं तर कापडसुद्धा जाईल.”

“मी कनाला लपवू? चोर हाय का मी?” शेवंती म्हणाली.

त्या वेळी पुडीची गोष्ट संजनाच्या ओठांवर आली होती. अक्षता, हळकुंड, सुपारी. पण महिपत समोर होता, म्हातारी कौतुकाने होडी बघत होती, आणि माझ्याच मूर्खपणाने एका मुलीचा अंतरपाट नष्ट झाला हे सांगायला तिची जीभ रेटली नाही. चहा पिऊन ती घरी आली.

शेवंतीचं विमान अकरा फेब्रुवारीच्या रात्रीचं होतं. बारा तारखेला दुपारी बाराच्या सुमारास महिपतचा फोन आला.

“ताई, आईला सोडलं काल. व्हीलचेर केली व्हती, एकदम झ्याक गेली. सिंगापूरला दुसऱ्या विमानात बसवली असा राजचा मेसेज आला. म्हनलं तुम्हाला सांगावं, तुम्ही येवढी मेहनत केली.”

“बरं झालं हो. खायचं काही नेलं नाही ना?”

“न्हाय न्हाय. तुम्ही सांगितलं तसंच. निघताना फक्त देवीला दाखवला तुमचा कपडा आन् कोपऱ्याला गाठ मारली.”

“गाठ?”

“हळकुंड आन् सुपारी. देवीची. कोरा कपडा कसा धाडायचा?”

संजना मशीनच्या स्टुलावर बसली. “महिपतदादा, मी सांगितलं होतं ना, काही न्यायचं नाही म्हणून.”

“ते खायचं कुठं हाय ताई?” महिपत गोंधळून म्हणाला. “देवाचं हाय ते.”

त्याचं काय चुकलं होतं? तिने ‘खायचं’ म्हटलं होतं, त्यांनी खायचं ठेवलं नव्हतं. चूक तिची होती. तीन वर्षांपूर्वी पुडी घातली ती एक, आणि राईला तोंड मिटून बसली ती दुसरी.

तिने राजला मेसेज केला, मग थेट फोनच लावला. त्याचा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती.

“ताई, आजीचा प्रवासाचा फॉर्म मीच ऑनलाइन भरलाय,” तो म्हणाला. “सगळीकडे ‘नाही’ लिहिलंय. धान्य नाही, मुळं नाहीत, बिया नाहीत. आता तिला सांगायचं कसं? तिचा फोन विमानात चालत नाही. उतरल्यावरही मी बाहेरच उभा असणार, आत सोडत नाहीत.”

“चूक माझी आहे, राजदादा.” आणि मग, ज्याला कधी पाहिलंही नव्हतं त्या मुलाला, तिने मृणालिनीची सगळी गोष्ट सांगितली. पुडीसकट. दिपेशची त्या दिवशी सुट्टी होती, तो दारात उभा राहून ऐकत होता.

राजने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ताई, कापड गेलं तर मी दुसरं धरीन. आजीला कुणी रागावलं, एकटीला खोलीत बसवलं तर तिला सहन होणार नाही. माझा जीव तिथे अडकलाय.”

आपल्या घड्याळाने चार वाजता विमान उतरणार होतं. संजनाने मशीन सुरू केलं, नाशिकच्या एका ऑर्डरचा कलश भरायला घेतला आणि कलशाचा नारळ उलटा भरला. उसवला. पुन्हा भरला. दिपेशने कुकर लावला, चहा केला, कप तिच्या हाताशी ठेवला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, “मला का नाही सांगितलंस गं कधी?”

“लाज वाटायची.”

“चांगल्या मनाने घातलेल्या पुडीची कसली लाज?”

“चांगल्या मनानेच तर घोटाळा झाला,” ती म्हणाली आणि रडू येऊ नये म्हणून दोरा ओवत बसली.

चार वाजले. साडेचार. राजचा मेसेज : ‘विमान उतरलं.’ पाच वाजता : ‘लोक बाहेर येतायत. आजी नाही.’ सव्वापाचला काहीच नाही. साडेपाचला संजना उठून देवापाशी गेली, पण मागायचं काय तेच सुचेना. आपलं हळकुंड परत न्या असं देवीला कसं सांगायचं?

पाच चाळीसला व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी एक छत दिसलं, मग राजची हनुवटी, मग व्हीलचेअरमध्ये बसलेली शेवंती, कानाला स्कार्फ गुंडाळलेली.

“बाय, तू जेवली का?” शेवंतीने पहिला प्रश्न केला.

“आजी! तुम्ही ठीक आहात ना? काय झालं आत?”

“काय व्हायचं? मना ढकलनारा पोरगा नवसारीचा निघाला. बाजारात बसून मना गुजराती येतंच. मी त्याला बोलले, भाय, मना एक बाय बोलली हाय, असंल ते सगलं सांगायचं. माज्याकडं देवीची हालद हाय, सुपारी हाय. तर तो घाबरला. बोलला, माजी, फॉर्मवर तर न्हाय लिवलंय! मी बोलले, फॉर्म नातवानं लिवला, गाठ मी मारली. त्याला काय म्हाईत? मंग त्यानं मना एका मॅडमकडं नेली. गोरी, उंच, हातात मोजे.”

“मग?”

“मी कपडा काढला, तिच्या म्होरं गाठ सोडली, हालद आन् सुपारी तिच्या हातावर ठेवली. बोलले, घे, तुजीच. पोराच्या लगनाची हाय.” शेवंती हसली. “तो नवसारीवाला तिला इंग्रजीत सांगत व्हता. ती काय तरी बोलली आन् हसली.”

राज पुढे झुकला. “ताई, तिने सांगितलं की तपासणीआधी स्वतःहून सांगितलं म्हणून दंड नाही. हळकुंड-सुपारी ठेवून घेतली, कापड तपासणीच्या मशीनमधून काढलं आणि परत दिलं. वेळ गेला तो आजीने तिला होडी कुणाची ते समजावून सांगितलं म्हणून.”

“सांगाया नको? ती विचारत व्हती,” शेवंती म्हणाली. “हिकडं मध्यरात हाय म्हनतात, आन् माजं पोट बोलतंय चाची येळ झाली.”

मागून आरोहा पडद्यात आली, कुरळ्या केसांची, डोळे ओले. तिने हात जोडून अडखळत ‘थँक यू, संजनाताई’ म्हटलं आणि आजीच्या मांडीवरचा अंतरपाट उचलून दाखवला. कोपऱ्याला गाठीची चुणी पडली होती, एवढंच.

फोन बंद झाला. संजना हॉलच्या मधोमध फरशीवर बसली आणि इतका वेळ आवरलेलं सगळं बाहेर पडलं. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. दिपेश शेजारी येऊन बसला.

“कुकरमध्ये नुसतं वरण-भात आहे,” तो म्हणाला. “आज बाहेर जायचं का?”

“नको. वरण-भातच दे. तूप घालून. मला कडकडून भूक लागलीय.”

दोघांनी संध्याकाळी साडेसहालाच जेवण उरकलं आणि ती आठच्या आत झोपली. सकाळी उठून तिने वेबसाइट उघडली. ती ओळ काढावी का असा विचार क्षणभर आला. पण एक म्हातारी धीराची निघाली म्हणून सगळ्या देशांचे नियम आपल्याला पाठ झाले, असं थोडंच होतं? ओळ तिने तशीच ठेवली. फक्त ‘कृपया आग्रह करू नये’ पुसलं आणि त्या जागी लिहिलं : ‘कारण विचारल्यास सांगू. तुमच्याकडे येणारं कुणी असेल तर त्यांच्या हाती देऊ, काय न्यायचं नाही तेही सांगू.’ मग मृणालिनीला एक मेसेज लिहिला. तीन वर्षं उशिरा, पण पुडीबद्दल खरं ते सगळं लिहिलं आणि पाठवून दिला.

चौथ्या दिवशी राजने लग्नाचे फोटो पाठवले. समुद्राकाठी हिरवळीवर मांडव, एका बाजूला राज, दुसऱ्या बाजूला आरोहा, मध्ये अंतरपाट. संजनाने फोटो बोटांनी मोठा केला. कापडाचं एक टोक आरोहाच्या बापाने धरलं होतं, सहा फूट उंच धिप्पाड माणूस. आणि दुसरं टोक शेवंतीने, नऊवारी नेसून, टाचा उंचावून, दोन्ही हात डोक्यावर ताणून. त्यामुळे अख्खा अंतरपाट तिरका झाला होता आणि खालची होडी उताराला लागल्यासारखी दिसत होती.

“अहो, इकडे या, बघा,” तिने दिपेशला हाक मारली. “आजीने स्वतः धरलाय.”